वाई ते धोम, पायी: कृष्णाकाठच्या सपाट वाटा

वाईला येणारी बहुतेक माणसं ढोल्या गणपतीला हात जोडतात, घाटावर दोन फोटो काढतात आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला निघून जातात. उरलेली ट्रेकर मंडळी पांडवगड, वैराटगड, कमळगड करतात. या दोघांच्या मधला जो सपाट पट्टा आहे, नदी, घाट, आळ्या, पाणंदी, कालवा, त्यातून चालायला कोणी येत नाही. खरं तर या खोऱ्यातलं सगळ्यात चांगलं चालणं तिथलंच. चढ जवळजवळ नाही. एका दिवसात शहर, वाडा, देवळं, शेतं आणि धरण असं सगळं पायाखालून जातं, आणि अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर.

दिशा आधी ठरवा, कारण दिवसभराचा त्रास किंवा आराम त्यावर आहे. कृष्णा धोमहून वाईकडे, म्हणजे ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. सकाळी वाईहून निघून नदीच्या उलट, वर धोमकडे चाललात तर ऊन पाठीवर राहतं आणि समोरचे डोंगर उजेडात दिसतात. दुपारनंतर निघणार असाल तर उलटं करा: गाडीने धोमला जा आणि वाईकडे चालत या. तीन वाजता वाईहून धोमकडे निघालेला माणूस मेणवलीपर्यंत डोळ्यांवर हात धरून चालतो.

पुण्याहून स्वारगेटवरून वाईची किंवा महाबळेश्वरची एसटी धरा. महामार्ग सोडून सुरूर फाट्याने आत वळलं की वाई. नुसतं चालायचं असेल तर स्वतःची गाडी न आणलेलीच बरी. गाडी वाईत लावली की चालणं धोमला संपलं तरी मन वाईत अडकलेलं, आणि गणपती घाटाजवळ सुट्टीच्या दिवशी पार्किंग म्हणजे वेगळीच कथा.

सुरुवात गणपती घाटावरून, शक्यतो सात वाजता. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं महागणपतीचं, म्हणजेच ढोल्या गणपतीचं, देऊळ नदीला इतकं लागून आहे की पुरात पाणी थेट देवळाशी येतं. आतली एकाच दगडातली सुमारे दहा फुटी मूर्ती सगळे बघतात. देवळाची मागची भिंत मात्र फार थोडे बघतात, आणि खरी करामत तिथे आहे. ही भिंत सरळ नाही, माशाच्या आकारासारखी निमुळती, टोकदार बांधलेली आहे, आणि ते टोक वरून येणाऱ्या प्रवाहाकडे आहे. पुराचं पाणी टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. सपाट भिंत असती तर लोंढ्याचा सगळा रेटा तिने अंगावर घेतला असता. पुलांच्या खांबांना वरच्या अंगाला टोक काढतात तेच हे तंत्र, इथे देवळाला लावलेलं. दर्शन झालं की देवळाला वळसा घालून ही भिंत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच. तिथला काळ्या दगडाचा नंदी जवळून बघा, गळ्यातली माळ आणि पाठीवरची झूल किती बारीक कोरली आहे ते कळण्यासाठी सकाळचं तिरपं ऊन लागतं. बारा वाजता तोच नंदी नुसता काळा दिसतो.

इथून लगेच मेणवलीचा रस्ता धरायचा नाही. वाई शहर आळ्यांचं आहे: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. प्रत्येक आळीचा नदीशी आपापला घाट आणि प्रत्येकीचा आपापला कृष्णाबाईचा उत्सव. थंडी सरता सरता हे उत्सव ओळीने सुरू होतात. त्या काळात आलात तर एखाद्या घाटावर मांडव, कीर्तन आणि महाप्रसादाच्या पंगती हमखास सापडतात. घाटाच्या कडेने सलग चालता येईल असं मात्र समजू नका. मध्ये देवळं येतात, भिंती येतात, कुठे पायऱ्या ढासळलेल्या असतात. बरा मार्ग असा: आळीतून नदीवर उतरायचं, घाट बघायचा, त्याच पायऱ्यांनी वर यायचं आणि पुढच्या आळीत शिरायचं. चार-पाच घाट असे केले की तास-सव्वा तास सहज जातो.

पायऱ्या बेसॉल्टच्या, शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेल्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर पाण्यालगतच्या चार-पाच पायऱ्यांवर शेवाळ असतं. लोक पडतात ते तिथेच, कारण वरच्या कोरड्या पायऱ्यांवरून आलेल्या वेगातच शेवाळावर पाय पडतो. पाण्याजवळ कडेकडेने, पाय आडवा टाकून उतरा. दुसरी अडचण उलटी आहे: मार्चपासून दुपारी देवळांची फरसबंदी अनवाणी पायाला चटके देते. पिशवीत जाड मोज्यांचा एक जोड टाकलात की प्रश्न मिटला.

वाईच्या आळ्यांतून चालताना एवढं ध्यानात असू द्या की मराठी विश्वकोश याच गावातून निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्या प्राज्ञपाठशाळेचे. विश्वकोश मंडळाचं काम मुंबई-पुण्यात न होता कृष्णाकाठी झालं, ते त्यांच्यामुळे. उन्हाळ्यात आलात तर संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला चालू आहे का ते विचारा.

साडेआठच्या सुमारास शहर सोडायचं. मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. डांबरी रस्त्याने पाऊण तास, पाणंदीतून रमतगमत गेलात तर तासभर. आता पाणंदीबद्दल जरा सविस्तर, कारण या भागात वाट चुकते ती इथेच, आणि भांडणंही इथेच होतात.

पाणंद आणि बांध यांतला फरक कळल्याशिवाय शेतातून चालू नये. पाणंद म्हणजे गावची, सगळ्यांची वाट. दोन्ही बाजूंना बांध किंवा झुडपं, मधून बैलगाडीची चाकोरी. बांध मात्र शेतकऱ्याचा, खासगी. गावच्या जुन्या गावनकाशावर हा फरक स्पष्ट असतो: गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरलेली आहे. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. आपल्या तालुक्यात चालण्याच्या वाटा शोधायच्या असतील तर याहून चांगली सुरुवात नाही. तुटक रेषा देवळाकडे, नदीच्या उताराकडे किंवा शेजारच्या गावाच्या शिवेकडे जात असेल, तर ती वाट बहुधा चालण्याजोगी असते. एखाद्या गटापाशी, म्हणजे कुणाच्या जमिनीपाशी, संपणारी रेषा कुणाच्या तरी विहिरीवर नेऊन सोडते.

फोनवरचा नकाशा उपयोगी आहे, पण त्यावरच्या बारीक पांढऱ्या रेषांवर विसंबू नका. वरून काढलेल्या फोटोवर ट्रॅक्टरची चाकोरी आणि पाणंद सारखीच दिसते. ट्रॅक्टरची चाकोरी नांगरटीनंतर नाहीशी होते आणि तुम्ही ढेकळांत उभे राहता. शंका आली तर शेतात काम करणाऱ्याला विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "इथं बघण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाला "काय नाय, पाचगणीला जावा" हेच उत्तर येणार. "ही पाणंद कुठं निघते?" असं विचारलंत की पुढचं वळण, ओढ्यातलं पाणी, कुणाचं कुत्रं बांधलेलं नाही, सगळं समजतं. आणि एक: पाणंद नदीकडे वळून पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी संपली तर पाइपलाइनच्या कडेने पुढे घुसू नका. जमिनीवरून नेलेल्या वायरी उसाच्या पाचटात दिसत नाहीत. मागे फिरा आणि रस्ता धरा.

हंगामाचंही सांगायला हवं. "नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम" असं सगळेच सांगतात. थंडीपुरतं ते बरोबर आहे. पण नोव्हेंबरात या पट्ट्यात ऊस उभा असतो, आठ-दहा फूट उंच, आणि पाणंदीतून चालणाऱ्याला दोन हिरव्या भिंतींपलीकडे काही दिसत नाही. तोड पुढे सरकली की दृश्य उघडतं. त्यामुळे डोंगर बघत चालायचं असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य जास्त चांगला. याच सुमारास हळदीची काढणी आणि शिजवणी चालते. शिजत्या हळदीचा वास वाऱ्याबरोबर लांबवर येतो. शिवारात शाळू निसवलेला असतो. त्या दिवसांतली एकच कटकट म्हणजे कारखान्याकडे निघालेले दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. चालकाला मागचं काही दिसत नाही आणि दुसरी ट्रॉली वळणावर आत येते, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला कधीच उभे राहू नका.

पावसाळाही टाळण्यासारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बत्तीस-तेहतीस किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत, कारण ढग वरच्या पठारावर रिकामे होऊन इकडे उतरतात. जुलैत वर धुकं आणि मुसळधार असताना खाली वाईत पावसाची भुरभुर आणि चालायला सुरेख हवा असते. पण ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरलं आणि पाणी सोडलं की नदीपात्र काही तासांत बदलतं. वाईत पाऊस नाही म्हणजे नदीला पाणी वाढणार नाही, हा हिशेब इथे चुकतो, कारण पाणी वरच्या पावसाचं असतं. त्या दिवसांत घाट वरूनच बघायचे.

बिबट्याबद्दल लोक विचारतात. खोऱ्यात तो आहे आणि उसात राहतो. दिवसा चालणाऱ्याला सहसा दिसतही नाही. उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर उसाला लागून एकट्याने चालायचं नाही, लहान मुलांना मागे सोडायचं नाही, एवढं पाळलं की पुरे.

मेणवलीला किमान सव्वा तास द्या. नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकी आहे. तिकीट काढून आत जाता येतं, पण तो आजही खासगी आहे, त्यामुळे जिथे दार बंद असेल तिथे दार ढकलायचं नाही. चौकांची रचना डोक्यात भरायची असेल तर पहिल्यांदा न थांबता सरळ मागच्या दारापर्यंत चालत जा आणि मग परत येत एकेक चौक बघा. लाकडी खांब, भित्तिचित्रं, जिने हे सगळं मग नीट जागेवर बसतं. मागच्या दारातून घाटावर उतरता येतं. वाईच्या घाटांपेक्षा हा घाट जास्त देखणा आहे, हे वाईकरांना आवडणार नाही पण आहे तसं. घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ आहे. जवळच्या छोट्या घुमटीत जी मोठी घंटा टांगली आहे ती पोर्तुगिजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराची प्रसिद्धच. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. ती दिसण्यासाठी घंटेच्या बाजूने फिरावं लागतं, समोरून फोटो काढून निघालं तर राहून जाते.

चित्रीकरण चालू असेल तर घाट बंद असू शकतो. घाट इतक्या वेळा पडद्यावर आला आहे की ओळखीचा वाटतो. वाद घालण्यात अर्थ नाही, तासाभराने मधली सुट्टी होते.

पाणी इथेच भरून घ्या. थंडीत माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. पुढे धोमपर्यंत टपरी मिळेलच असं नाही. नाश्ताही वाईत पोटभर झालेला असावा.

मेणवलीच्या पुढे भोगाव. इथे वामन पंडितांची समाधी आहे. 'सुश्लोक वामनाचा' हे शाळेत पाठ केलेल्यांनी रस्ता सोडून तेवढं जाऊन यावं. बाकी हा टप्पा सरळ आहे, उजवीकडे पांडवगडाची सोंड आणि डावीकडे नदीकाठची हिरवळ. उन्हाचा तडाखा लागतो तो इथेच, झाडं विरळ असल्यामुळे, म्हणून अकरा-साडेअकराच्या आत हा टप्पा उरकावा.

धोमचं देऊळ धरणाच्या खालच्या अंगाला, गावात. धौम्य ऋषींवरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. महादेवाच्या देवळासमोर दगडी कमळाच्या आकाराचं कुंड आहे, त्यात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी असलं की कासव पाण्यावर तरंगतं आहे असं वाटतं, आणि कोरडं असलं की कमळाच्या पाकळ्या कशा जुळवल्या आहेत ते दिसतं. दोन्ही बघण्यासारखंच, त्यामुळे कोरडं निघालं म्हणून हळहळू नका. शेजारीच उंच जोत्यावर नरसिंहाचं देऊळ आहे. मूर्ती दोन आहेत, एका बाजूला शांत योगमुद्रेतला नरसिंह आणि दुसऱ्या बाजूला हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला उग्र. लोक एकच बघून उतरतात. प्रदक्षिणा पुरी करा.

साडेतेरा टीएमसीचं धरण वरच आहे. भिंतीवर परवानगीशिवाय जायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची नाही.

परतीला दोन पर्याय. वाईची एसटी किंवा वडाप, म्हणजे माणसं गोळा करून जाणारी खासगी जीप. वडाप भरल्यावरच सुटतं, दुपारी एक ते तीनच्या दरम्यान तासभर वाट बघायची तयारी ठेवा आणि गावात शिरल्या शिरल्या परतीची वेळ विचारून घ्या. पायांत दम असेल तर दुसरा पर्याय डाव्या कालव्याचा. कालवा समपातळी धरून डोंगराच्या कडेकडेने येतो, त्यामुळे तो गावांपेक्षा वर राहतो आणि सगळं खोरं खाली पसरलेलं दिसतं. चालायला सपाट, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. चालण्याजोगा रस्ता बहुतेक ठिकाणी एकाच काठाला असतो, चुकीच्या काठाला लागलात तर बाभळीत अडकाल. ओलांडायला पूल दूर दूर असतात, खालच्या गावात उतरायचं असेल तर पूल दिसला तेव्हाच ठरवा. आणि आवर्तन चालू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, पाण्याला हात लावायलाही उतरू नका. अस्तरीकरण केलेल्या उतारावर पाय ठरत नाही आणि आत पडलेल्याला बाहेर यायला धरायला काही नसतं. मुलं बरोबर असतील तर कालवा नकोच.

पांडवगड याच दिवसात उरकू असा मोह होतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १२७३ मीटर, वाई सातशेच्या वर, म्हणजे निव्वळ चढच साडेपाचशे मीटरचा. तो स्वतंत्र दिवस आहे. वाट मेणवलीहूनही आहे आणि धावडीहूनही. आग्या मोहोळं असतात, अत्तर आणि धूर दोन्ही टाळा. फेब्रुवारीनंतर गवताला वणवे लागतात, तेव्हा सोंडेवर धूर दिसला तर खालूनच परत फिरा. धावडीच्या बाजूने जाणार असाल तर वाटेत लोहाऱ्याची पालपेश्वर लेणी अर्ध्या तासात होतात: मूळची बौद्ध, नंतर स्तूपाचं शिवलिंग झालेली. बॅटरी न्या.

ज्यांना वाईहून साताऱ्याकडे अजून एक दिवस काढायचा आहे त्यांनी लिंबला जावं. महामार्गावरच्या लिंब फाट्याने आत, गावातून शेरी लिंबला साधारण दोन किलोमीटर चाललं की बारा मोटांची विहीर. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात आमराईच्या भिजवणीसाठी बांधलेली, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची, अष्टकोनी. नुसती विहीर नाही, मुख्य विहीर आणि पायऱ्यांकडची बाजू यांच्या मध्ये चक्क महाल आहे, खांबांवर कोरीव काम, दारावर शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. वर मोटा ओढायच्या जागा अजून ओळखू येतात. त्या मोजत विहिरीला वरून एक फेरी मारा आणि मगच आत उतरा, पाणी कुठून उपसलं जायचं हे कळल्यावर आतली रचना समजते. वरच्या कडेला कठडा पुरता नाही. इथून कृष्णेच्या पात्रातल्या कोटेश्वराच्या देवळाकडे, लिंब-गोवे गावांच्या बाजूला, शेतांतून उतरता येतं. नदीच्या मधोमध उभं असलेलं ते देऊळ पावसाळ्यात पाण्याने वेढलं जातं.

तारखांबद्दल एक शेवटचं. रंगपंचमीला बावधनचं बगाड (नवस फेडणाऱ्याला उंच टांगून नेणारा लाकडी गाडा) असतं. सोनेगावहून बावधनला भैरवनाथाचं बगाड बैल जुंपून ओढत नेतात आणि अख्खा तालुका तिथे लोटतो. त्या दिवशी वाई परिसरात एसटी वेळेवर नसते, वडाप मिळत नाही, बावधन-वाई रस्ता तासन् तास तुंबतो. बगाड बघायला यायचं असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या आणि पहाटे बावधनकडे चालत निघा. फक्त घाट आणि धोमच करायचं असेल तर पंचांग बघून तो दिवस वगळा.